येळवशीला कोकणात

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी लातूरकडचा माणूस घर सोडतो तो फक्त शेताकडे जायला. दुकानांना कुलपं, रस्ते ओस आणि सगळं गाव शिवारात भज्जी-आंबिलीवर. नेमक्या त्या अमावस्येला धोंडप्पा सरांनी बायकोला कोकणात आणलं होतं, आणि गुणाबाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. सहलीची बस निम्मी रिकामी. ड्रायव्हरसुद्धा म्हणाला होता, "सर, येळवस सोडून निघालाव?"

बाग म्हणे दीडशे वर्षांची. कुण्या साहेबाने समुद्राकडच्या उतारावर देशोदेशीची झाडं लावली, त्यांचं आता रानच झालं होतं. गाईड एकेका खोडापाशी थांबून तोंडात न मावणारी नावं सांगत होता आणि निवृत्त हेडमास्तर मान डोलवत होते. आपल्या बांधावरची बाभूळ सोडून जगात झाड नाही असं मानणारा हा माणूस, त्याला आता जायफळाचं कौतुक! गुणाबाईंच्या चपलेत ओला पाला शिरला, डासांनी पोटऱ्या फोडल्या. समुद्र गाजत होता, पण दिसेल तर शपथ. पिशवीतले बाजरीचे उंडे काढावेत, तर जागोजागी पाट्या : येथे खाण्यास मनाई.

"आज उपाशी हिंडणारी लातुरातली दोघंच, आन् ती बी हितं," त्या करवादल्या.

"हळू बोल. लोक ऐकायलेत."

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. सटवाजीचा. मुलाच्या पुण्यातल्या घरासाठी मागच्या उन्हाळ्यात शेत विकलं, ते ह्याच सटवाजीला. त्याचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "सर, शेतात कडब्याची कोप घातली, पूजा मांडली. तुमी आल्याबिगर पंगत बसवत न्हाई."

"अरे, आम्ही बाहेरगावी आहोत. कार्यक्रम होता," सर म्हणाले आणि फोन घाईने खिशात कोंबला.

गुणाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हंजे ह्याच्यासाठी आणलाव मला हितं?"

सर बाजूच्या बाकावर बसले. "माझ्याच शेतात पाव्हणा म्हणून जेवायला बसू? सगळं शिवार बघणार. न्हाई जमत मला, गुणा."

गुणाबाईंना गलबलून आलं. पण राग त्याहून मोठा होता.

"तीस वर्सं दर येळवशीला वाटंवरच्या माणसाला हाताला धरून कोपीत आणलाव. ज्यांना टीचभर रान न्हाई, त्यांना पयलं ताट दिलाव. त्यांनी मान खाली घालून खाल्लं का? का आपण तीस वर्सं लोकांना लाजवतच जेवू घातलं?"

गाईड पुढे निघून गेला. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, फोन काढला. झाडीत रेंज येईना. ते उठून उतारावर मोकळ्या जागी गेले, आणि एवढ्या मोठ्याने बोलले की सहलीतले सगळे वळून बघायला लागले.

"सटवाजी, पंगत बसव! आमच्यासाठी थांबू नको. पण दोन ताटांपुरतं झाकून ठेव. उद्या येतो. शिळं तर शिळं, पण शेतात बसूनच खाऊ."