भुईचाफ्याचा चोर

गंगूकाकीने आमचा भुईचाफा चोरला नव्हता.

आमच्या आळीत जी दोन-चार म्हातारी माणसं उरली आहेत, ती अजूनही आवाज खाली आणून उलटंच सांगतात, म्हणून हे आधी लिहून टाकतो. चोर मी. एवढं म्हणून थांबलो असतो. पण तपशिलाशिवाय माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हा जुना अनुभव आहे.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन पुण्यात कारकून झालो होतो. वडील लवकर गेलेले. मुळशीतल्या घरी एकटी आई. माझ्या पुण्यातल्या खोलीसमोर एक बंगला होता आणि बंगल्यापुढे बाग. मधोमध गोल वाफा, भोवती तिरप्या विटांची करवत, विटांना एकाआड एक चुना आणि गेरू! रोज ती बाग बघून मला आमच्या परसाची लाज वाटू लागली. तिथं होतं काय? न्हाणीच्या पाण्यावरचं अळू, एक केळ, कोपऱ्यात काळ्या दगडांनी वेढलेला रिकामा तुकडा आणि शेराचं कुंपण. कुंपणापलीकडे गंगूकाकीचा उकिरडा. (बंगल्याला असली शेजारीण नव्हती, हे बंगल्याचं दुर्दैव.)

शिमगा झाला, आई मावशीकडे गेली आणि मी रजा काढून परसाचा कायापालट करायला घरी आलो.

दोरी-खुंटी घेऊन वर्तुळ आखलं. पहिल्यांदा भोपळा झाला. पुसून पुन्हा आखलं, तर दुधी! शेवटी दुधीलाच गोल मानून खणायला घेतलं, तेही नेमकं त्या रिकाम्या तुकड्यात; कारण तिथली माती भुसभुशीत होती आणि माझे तळहात कागदाला सरावलेले. कुदळ लागताच खालून गाठाळ, मुळांचे झुबके लोंबणारे कांदे निघाले. मला वाटलं, किडकी रताळी. उचलले आणि कुंपणावरून भिरकावले उकिरड्यावर. काळे दगड काठाला लावले. मधे पुण्याहून आणलेली गुलाबाची कलमं खोचली. विटांना चुना फासला. (त्यातला निम्मा वाहून अळूच्या मुळाशी गेला. अळूने मान टाकली.)

आई परत आली. परसात उभी राहिली. वाफ्याभोवती एक फेरी मारली. मला वाटलं, भारावली!

"हितला भुईचाफा कुटं हाय रं?"

"कुठला भुईचाफा? इथं तर काहीच नव्हतं."

"फागुनात त्येला पान नसतंय. चैतात भुईतनं नुस्तं फूल वर येतंय. म्हणून तर दगुड मांडलं हुतं!"

मग मला आठवलं. आईचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलं. घरच्यांनी वासे, दारं, भांडी काढून नेली. आईने पदरात भुईचाफ्याचे कांदे बांधून आणले. माहेरचं तेवढंच पाण्याबाहेर राहिलं होतं. ही हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, फुलाचा वासही घेतला होता. फुलाशिवाय ते झाड कसं दिसतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून साळिंदर बाहेर पडलं.

"साळिंदर आलं असेल. कांदे उकरून खातं ते."

"आन् दगुड? त्ये बी साळिंदरानं वळीनं मांडलं?"

"ते मी. नंतर."

दुसऱ्या दिवशी आईची नजर चुकवून उकिरडा उपसायला गेलो, तर काकीने खत ओढून आपल्या वाफ्यात पसरलेलं! मी गुपचूप पुण्याची गाडी पकडली. गुलाबांनी माझ्या मागोमाग प्राण सोडला.

पुढच्या चैत्रात काकीच्या भेंडीच्या वाफ्यात भुईचाफा फुलला. आई कुंपणाशी गेली.

"गंगे, ह्ये काय हाय?"

"आपोआप आलंय गं आक्का. मला काय ठावं?"

"आपोआप? चार पायांच्या साळिंदरानं न्येलं आन् दोन पायांच्या साळिंदरानं लावलं व्हय?"

दोघींचं विरजण एक, विहीर एक, जात्यावर बसायच्या त्याही जोडीने. ते सगळं त्या दिवशी संपलं. आई विरजणासाठी आळीच्या पार टोकाला जाऊ लागली. काकीने पोरांच्या शपथा घेतल्या, कोणी ऐकेना. मी रजेवर आलो की दोघी मला वेगवेगळं गाठून रडायच्या, आणि मी (शिकलेला माणूस!) दोघींना समजूतदारपणा शिकवायचो.

वर्षभराने, वैशाखात मी घरी असतानाच काकीने सगळे कांदे उपटून आमच्या कुंपणाशी आणून टाकले. "घे तुजं म्हायेर. मला नगं."

"चोरानं दिल्यालं मी घेत न्हाई," आई म्हणाली.

दोघी जागच्या हलेनात. मधे कांदे उन्हात सुकत पडलेले. मला ते बघवेना.

"मी खणले होते. मीच उकिरड्यावर फेकले."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकींकडे, कित्येक महिन्यांनी.

"तू खणलंस?" काकी म्हणाली. "कुदळीनं?"

"होय."

"आक्का, ह्यो फावडं उलटं धरतोय की गं!"

"खण बगू," आई म्हणाली.

मी खरेपणाच्या जोरावर कुदळ उगारली. वैशाखातली जमीन, लोखंडासारखी! पहिल्या घावाला ठिणगी उडाली, दुसऱ्याला कुदळ दांड्यातून निसटली आणि माझ्या अंगठ्यावर येऊन थांबली. आई हसली. काकी कुंपण धरून हसली. मग काकीने धावत जाऊन हळद आणली, आईने फडकं फाडलं, आणि माझा पाय मांडीवर घेऊन दोघी बोलू लागल्या.

"गुणाचं हाय गं पोर तुजं. आपलं भांडान मिटावं म्हणून सोताच्या अंगावर घेतंय."

"लई मायाळू हाय," आई डोळे पुसत म्हणाली. "साळिंदरच असंल, गंगे."

"साळिंदरच, आक्का."

"अहो, खरंच मी—"

"गप ऱ्हा!" दोघी एकदम.

कांदे निम्मे-निम्मे वाटून दोन्ही परसांत लावले गेले. काही तगले, काही नाही. आई मरेपर्यंत पाहुण्यांना माझ्या मोठ्या मनाची गोष्ट सांगायची. मी नाकारलं की आणखी मोठा व्हायचो. माफी मागायची तर आधी गुन्हेगार ठरावं लागतं. ते मला कधी जमलंच नाही.

दोघी आता नाहीत. म्हणून हे सगळं लिहून काढलं आणि पहिल्यांदा सुनेला वाचायला दिलं. तिचे डोळे भरून आले.

"नाना, किती चांगले हो तुम्ही! काकींचं नाव राहावं म्हणून अजून स्वतःवर घेताय!"

मी तिच्याकडे कुदळ मागितली. तिने चहा आणून दिला.