घोड्याचं स्थळ

गोंदियाजवळ कुडव्याला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पंपाच्या मोटरीत नवी तार भरणं हा माझा धंदा. खरा घोडा मी पाहिला तो वरातीतला, तोही बहुतेक वेळा पाठमोरा. तरी काही वर्षं माझ्या मालकीचा शर्यतीचा एक अस्सल थरोब्रेड नर होता, आणि त्याच्यासाठी घोड्या निवडण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या.

हा घोडा फोनवरच्या खेळातला. हैदराबादची नोकरी लागायच्या आधी माझी मुलगी वर्षभर घरी होती, तेव्हा तिनं मला हा खेळ लावून दिला. शर्यती आपोआप होतात, आपण नुसतं पाहायचं. खरं डोकं लागतं ते घोड्याचे पळायचे दिवस संपल्यावर. त्याला कोणती घोडी द्यायची, म्हणजे चांगलं शिंगरू होईल, हे ठरवायचं असतं. मला शिकता यावं म्हणून तिनं नर माझ्या तबेल्यात ठेवला आणि घोड्या स्वतःच्या. नियम असा की विनंती घोडीवाल्यानं पाठवायची आणि नरवाल्यानं हो म्हणायचं.

आमचा घोडा वेगाचा होता, पण पायानं नाजूक. त्याला तशीच वेगवान घोडी दिली की शिंगरू सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे पळे आणि मग लंगडून घरी बसे. म्हणून दमाची, मजबूत हाडाची घोडी शोधावी लागे. मुलीनं मला वंशावळ वाचायला शिकवलं. दोन्हीकडे एकच आजा जवळच्या पिढीत निघाला तर ती जोडी टाळायची.

"म्हणजे गोत्र पाहायचं," मी म्हणालो. त्यावर ती किती तरी वेळ हसत होती.

माझी बायको भाजी निवडता निवडता ऐकत असे. "बाप-लेक घोड्याचं स्थळ पाहून राहिले," ती म्हणायची, "पोरीचं कोण पाहणार जी?"

मुलगी हैदराबादला गेली, तरी रोज संध्याकाळी फोन यायचा. आधी आई बोले. जेवण, तब्येत, आणि हळूच एखाद्या मुलाचा विषय. मग फोन माझ्याकडे येई आणि मुलगी म्हणे, "बाबा, तुम्ही फक्त घोड्याच्या स्थळाचं बोला." आम्ही तेवढंच बोलायचो. पण त्या बोलण्यात ती दमलेली आहे की खुशीत आहे, ते मला कळायचं.

मग एका दिवाळीत सालेकश्याकडचं एक कुटुंब तिला पाहायला आलं. धानाची शेती, बाजारात दुकान, माणसं साधी. त्यांना बोलावलंय हे बायकोनं मुलीला सांगितलं नव्हतं, मलाही त्या सकाळीच कळलं. मुलीनं चहा आणून ठेवला, विचारलं त्याची नीट उत्तरं दिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी बाकी असताना ती परत गेली. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

त्यानंतर फोन आईलाच यायचा आणि लवकर संपायचा. खेळ तिनं उघडणंच सोडलं. मी रोज पाहायचो. तिच्या घोड्या तिच्या तबेल्यात तशाच उभ्या असायच्या.

खेळात वर्षं भराभर जातात. एक दिवस निरोप आला, की आमच्या नराला घोडी द्यायचा हा शेवटचा हंगाम, मग तो निवृत्त होईल. मुलीचा पासवर्ड माझ्याकडे होता. तिच्या तबेल्यातून मीच विनंती पाठवू शकलो असतो. कोणती घोडी चांगली तेही उघड दिसत होतं. पण माझा हात झाला नाही. मी तिला लिहिलं, "घोड्याचा शेवटचा हंगाम आहे. घोडी तू निवड." तिनं वाचलं. उत्तर आलं नाही.

ते उन्हाळी धानाचे दिवस होते, दुकानात मोटरींचा ढीग पडलेला. हाताला वार्निश लागलेलं असे, म्हणून मी करंगळीनं फोन उघडून पाहायचो.

"कायले वाट पाहून राहिले?" बायको म्हणाली. "तुम्हीच करून टाका ना." पण तीही फोनकडेच पाहत होती.

हंगाम संपत आला तेव्हा एका रविवारी दुपारी विनंती आली. घोडी पाहून मी चक्रावलो. तिनं अगदी सुरुवातीला घेतलेली तपकिरी घोडी, एकही शर्यत न जिंकलेली. चुकून बोट लागलं असेल असं वाटून मी फोन लावला.

"हे काऊन निवडली? हे तर कधीच जिंकली नाही."

"पण कधी लंगडलीही नाही, बाबा. सुरू केलेली प्रत्येक शर्यत तिनं पुरी केली."

मग ती बोलतच राहिली. घोडीच्या आईच्या बाजूच्या सगळ्या पिढ्या तिनं तपासल्या होत्या. म्हणजे एवढे दिवस ती हेच शोधत बसली होती. मला सगळं कळत नव्हतं, पण ते संपू नये असं वाटत होतं. ती थांबली तेव्हा मी म्हणालो, "बेटा, तुह्या लग्नाची गोष्ट तू काढशील तेव्हाच निघेल. नाही काढली तर नाही निघणार. पण घरी येत जा."

तिकडे कुकरची शिट्टी झाली. मग तिनं विचारलं, "आई ऐकते आहे का?"

बायको दारातच उभी होती. "हाव," मी म्हणालो.

"मग तिला द्या फोन."

मी अंगणात जाऊन बसलो. त्या दोघी काय बोलल्या ते मला आजही माहीत नाही. बायको बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "थंडीत येईन म्हणते," एवढंच तिनं सांगितलं.

मी विनंती मान्य केली. शिंगरू झालं, मादी. ती आईवर गेली, हळू पण न थकणारी. शर्यतीत बहुतेक वेळा मधल्याच कुठल्यातरी नंबरावर येते.

मुलगी थंडीत खरंच आली. भरपूर झोपली, आईच्या हातची लाखोळीची भाजी मागून मागून खाल्ली. कोणी कोणता विषय काढला नाही. जायच्या आदल्या दिवशी तिनं सांगितलं, की कंपनी तिला परदेशात पाठवते आहे, काही वर्षांसाठी. बायको म्हणाली, चांगलं आहे. मीही तेच म्हणालो. तिथून शर्यत दिसेल का, हेही विचारलं. दिसेल, पण इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ असेल, असं ती म्हणाली.

गोंदियाच्या स्टेशनावर तिला बसवून आम्ही दोघं गाडीवरून घरी आलो. नंतरचे काही दिवस बायकोच्या हातून मुलीच्याही वाटचा भात टाकला जायचा. सकाळी तो फोडणी देऊन आम्ही दोघंच खायचो.