डाव्या अंगाची लाट

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर हातात पेन फारसा आला नाही. हे कुणाच्या हाती पडलंच तर तेवढं सांभाळून घ्यावं. मला बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते.

मालकांनी गोव्याहून जुनी बोट आणली. इंजिन मागे नाही, मधोमध पेटीत. पंखा बोटीच्या पोटाखाली, त्यामुळे मागे पाण्यात असलेल्या माणसाला त्याची भीती नाही. मालकांना तिच्यामागे मोठी लाट उठवायची होती. फळीवर उभं राहायचं, दोर सोडायचा आणि लाटेनंच पुढे ढकलत न्यायचं. असं त्यांनी गोव्यात पाहिलं होतं. पण ही बोट दोर धरून वेगात घसरणाऱ्यांसाठी बनवलेली. तिच्यामागे पाणी कमी उठावं अशीच तिची घडण. बोटीचे पैसे कुंडलच्या माझ्या भावाने उसने दिले होते. लाट उठली नाही तर पर्यटक येणार नाहीत आणि बोट विकावी लागेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सासऱ्यांनी जन्मभर कोयनेच्या पाण्यात लाँच चालवली. माणसं दोन्हीकडे सारखी बसवायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. तेच मालकांच्याही. लाट उठावी म्हणून वजनाला पाण्याने भरलेले डबे ते दोन्ही बाजूंना सारखे ठेवायचे. मागे नुसता फेस यायचा. दीर फळीवर उभे राहायचे आणि दोर सोडला की बुडायचे.

एकदा पलीकडच्या देवीची ओटी भरायला आम्ही त्याच बोटीतून निघालो. सासरे उजवीकडे बसले. त्यांच्या शेजारी कशा बसणार? आम्ही सगळ्या सुना पदर सावरत डावीकडे मागच्या कोपऱ्यात दाटीनं बसलो. बोट कलली.

"आवं बायांनो, दोघी तरी इकडं सरका की!" सासरे ओरडले.

कुणी हललं नाही. बोट कललेली म्हणून मालकांनी वेग कमी केला. मी लाजून मागे तोंड करून बसले होते. डाव्या अंगाला पाणी फुटत नव्हतं. काचेसारखं गुळगुळीत होऊन उंच उठत होतं आणि आमच्यामागून चालत येत होतं. उजवीकडे तोच जुना फेस.

घरी आल्यावर मी मालकांना एवढंच म्हणाले, "आवं, एकाच अंगाला वजन घालून बघा की."

दुसऱ्या दिवशी सगळे डबे डाव्या कोपऱ्यात ठेवले आणि त्यांच्यावर मी. बोट सायकलच्या वेगानं. दिरांनी दोर सोडला आणि ते लाटेवर उभेच राहिले, हसत.

काठावरून सासरे म्हणाले, "वाकडी बोट चालवतंय माझं पोरगं, आन् लोक त्याला पैसं देणार म्हणं!"

लोकांनी दिले. दोन वर्षं रोज सकाळी मी त्या कोपऱ्यात बसायची. मालक मान वळवून बघायचे, लाटेकडे आणि मग माझ्याकडे. त्या बघण्यासाठी मी पहाटेच भाकरी थापून ठेवायची.

मग इंजिन बिघडलं, सगळं उघडावं लागलं. साठवलेलं सगळं त्यात गेलं. भावाचे पैसे तसेच राहिले. ते फेडायला मालक आणि दीर गोव्याला दुसऱ्याच्या बोटीवर पगारावर गेले. आमची बोट काठावर ताडपत्रीखाली राहिली. मी म्हशी पाळल्या.

फोनवर मालक म्हणायचे, "हितं बटण दाबलं की लाट येती. बायको लागत न्हाई मागं."

घरात सगळे ऐकत असायचे. मी नुसतं "व्हय" म्हणायची. फोन ठेवल्यावर काठावर जाऊन त्या कोपऱ्याला हात लावून यायची.

परवा ते म्हणाले, "पैसं फिटलं की त्याच दिवशी गाडीत बसतो. पाण्याचे डबे भरून ठेव."

मी काल संध्याकाळीच भरले. आज सकाळी भाऊ आला. मालकांनी पाठवलेले आणि माझे दुधाचे, दोन्ही मिळून त्याच्या हातात ठेवले.

"ताई, आता अजून काय मागू नगंस बाई," तो हसत म्हणाला आणि न मोजताच खिशात घातले. सगळे पैसे फिटले.