घाटीत आज भागीमावशीला गाठलं

तालमीतल्या मंडळींनो, शाळेची घंटा व्हायच्या आत आपल्या तालमीच्या फळ्यावर ताजी बातमी लिहितो. आज मी जिंकलो!

तीन महिने मी रोज पहाटे बंदरापासून जांभ्याच्या घाटीने वर धावतोय. चढावावर दोनदा धाप लागून थांबतो. तेवढ्यात डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली भागीमावशी न थांबता पुढे निघून जाते. जाताना हसते, "मास्तर, वाघ लागलाय काय वो पाठी?"

आज मुंबईच्या बोटीचा भोंगा झाला, तेव्हा मी निम्म्या घाटीत होतो. छाती फुटायची वेळ आली, पण थांबलो नाही. माथ्यावर आधी पोचलो आणि ओरडलोच, "मावशी, हरलीस!"

"जिकलात वो मास्तर," ती मनापासून म्हणाली. "आता जरा पाटीला हात लावा, खालची कापडाची चुंबळ सरकलीय."

पाटी उतरवताना माझे गुडघेच वाकले. तिने चुंबळ नीट केली, पाटी पुन्हा डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे चालू लागली. धाप मलाच लागली होती.

तरी जिंकलो ते जिंकलोच! उद्या मात्र माझ्याही डोक्यावर पाटी असणार. बोला, माझ्या बाजूने पैज लावणारा कोणी आहे का?