खवल्यातलं उपाशी वर्ष

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमच्या प्राणीशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना एकदा डिपार्टमेंटला घेऊन ये." मी चपापले. मॅडम रागावल्या असतील असं वाटलं. पण त्यांना माझ्या प्रोजेक्टसाठी बाबा हवे होते. तलावातल्या माशांचं वय खवल्यांवरून ओळखायचं, असा तो प्रोजेक्ट होता. खवले मी घरूनच आणत असे, आणि तलावाबद्दल मॅडमना जे विचारायचं होतं ते मला सांगता येत नव्हतं.

आमचं घर चोरखमारा तलावाजवळ. बाबांचा धंदा मच्छीचा. बारावीपर्यंत सकाळी मी त्यांच्याबरोबर डोंग्यात, म्हणजे लहान नावेत, जायची. ते जाळं ओढायचे, मी डोंगा सांभाळायची. मग गोंदियाचं कॉलेज सुरू झालं आणि मी सकाळच्या बसमध्ये बसू लागले. बाबा एकटे पडले. दोघांचं जाळं एकट्यानं ओढून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला, हात डोक्याच्या वर जाईना. गोरेगावच्या बाजारात मच्छीची टोपली आई एकटी नेऊ लागली. काका दारात उभे राहून बाबांना विचारायचे, "कायले शिकवून राहिला रे पोरीले? नौकरी त लागत नाही, मच्छी मारनं बी इसरून जाईन." बाबा जाळं सांधत राहायचे. कॉलेजात घरचा धंदा मी मॅडमशिवाय कुणाला सांगितलाही नव्हता.

बाबा आले ते लग्नात घालायचा पांढरा शर्ट घालून. प्रयोगशाळेच्या दारात शिपाई म्हणाला, "अंकल, चप्पल पहनके आ जाओ, चलता है." तरी त्यांनी चपला बाहेरच काढल्या. आत बरणीतले साप, बेडूक, मोठ्या माशाचा सांगाडा बघत ते हळूहळू चालत होते. सांगाड्यापाशी थांबून मला हळूच म्हणाले, "काटे सारे बराबर लावले हाये."

मॅडमनी एक खवला काचेच्या दोन पट्ट्यांत धरून मायक्रोस्कोपखाली ठेवला. आदल्या आठवड्यात बाबांनीच धरलेल्या मोठ्या रोहूचा. बाबा वाकले. पहिल्यांदा त्यांना काहीच दिसेना.

"अंधार हाये वं, पोरी."

"डोळा जरा मागं घ्या बाबा," मी म्हणाले आणि चाक किंचित फिरवलं.

ते डोळा तसाच लावून राहिले. इतका वेळ की शिपाईही येऊन उभा राहिला.

"हे काय होय वं?" त्यांनी मला विचारलं. "पाण्यात गोटा टाकल्यावानी दिसून राहिलं. गोल गोल."

मॅडमनी समजावलं. मासा वाढतो तसा खवलाही वाढतो, आणि वाढताना रेघ रेघ उमटत जाते. खायला भरपूर असलं की रेघा सुट्या सुट्या पडतात, हाल झाले की एकमेकींना चिकटतात.

"म्हणजे मच्छी आपल्या आंगावर लिहून ठेवते?"

"हो, तसंच म्हणा."

बाबांनी पुन्हा डोळा लावला. कडेकडून आत मोजू लागले. "हे यंदाचं. हे गेल्या सालचं. आन् हे..." ते थांबले. "इथं लय दाटी हाये, मॅडम. हे ते साल होय. पाऊस कमी पडला, धानासाठी नहर सोडला, आन् तलाव पार तळाले गेला. मच्छी लांब दिसे, पन हातात घेतली का आंगात काही नाही."

मॅडमनी पाणीपातळीची वही काढली. तलावाच्या ऑफिसातून उतरवून आणलेले आकडे होते. त्यांनी पान उलटलं, बोट ठेवलं आणि वही माझ्यासमोर सरकवली. त्याच वर्षी पाणी सगळ्यात खाली गेलं होतं. त्या दाट रेघा मी दोन महिने मोजत होते, वहीत त्यांची चित्रं काढत होते. तो माशाचा उपास आहे हे मला पाठ होतं, पण तो मला दिसला नव्हता.

बाबा स्टुलावर बसले. मग त्यांनी विचारलं, "मानसाच्या आंगात बी असं राहते का?"

मॅडम म्हणाल्या, "इतकं स्वच्छ नाही. पण लहानपणी फार उपासमार झाली, तर कधीकधी हाडांत बारीक रेघा राहतात. पायाच्या नळीत."

बाबांनी विजारीवरूनच आपल्या नडगीवर हात ठेवला. त्यांच्या लहानपणाबद्दल ते कधी बोलले नव्हते. मघाशी खवल्याकडे पाहिलं होतं, तसेच ते आता त्या नडगीकडे निरखून पाहत होते.

संध्याकाळी बसमधून उतरल्यावर पारावर काका भेटले. बाबांनी त्यांना तिथंच बसवून खवल्याची सगळी हकीकत सांगितली. काका ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "ते ठीक हाये. पन नौकरी?"

"नौकरीचं मी नाही सांगून राहिलो तुले," बाबा म्हणाले.

काकांचं म्हणणं खोटं ठरलं नाही. पास होऊन दोन वर्षं मी घरीच होते. आता एका शाळेत तासांवर विज्ञान शिकवते, उन्हाळ्यात तेही नसतं. माझ्या पाठची बहीण नर्सिंगला गेली. तिला लगेच काम मिळालं आणि घरातला गॅस, आईचं औषध तिच्यामुळे चालतं. काय घ्यावं, असं तिनं मला विचारलं होतं, तेव्हा नर्सिंग घे असं मीच सांगितलं. मनापासून सांगितलं.

बाबांचा खांदा काही बरा झाला नाही. कॉलेजची ती तीन वर्षं त्या खांद्याच्या तोलाची होती का, असं कुणी विचारलं तर मला हो म्हणवत नाही. नाहीही म्हणवत नाही. मागच्या महिन्यात शाळेला जुना मायक्रोस्कोप मिळाला. मी घरी सांगितलं, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी मरळ, कतला आणि रोहू, तिन्हींचे खवले वेगवेगळ्या कागदात बांधून माझ्या पिशवीत ठेवले, आणि कोणता कोणाचा ते दोनदा बजावून सांगितलं.