मोटारसायकलच्या भावाचं कार्ड

सौंसरच्या बसस्टँडवरच्या त्या संत्रेवाल्याला एक खोडच आहे. प्रत्येक संत्रं तो खांद्यावरच्या ओल्या दुपट्ट्यानं चकाकेपर्यंत पुसतो आणि मगच गिऱ्हाइकाला देतो. "माल चमकला तं भाव भेटते, गुरुजी," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

लहानपणी च्युइंगमसोबत मिळालेलं एका क्रिकेटपटूचं कार्ड त्यानं गल्ल्यात जपून ठेवलं होतं. तसल्या कार्डांचे भाव तो रोज मोबाइलवर बघायचा आणि संत्र्यांच्या भावासारखेच मला ऐकवायचा. "पयले पेटीभर संत्र्याचा होता. आता मोटारसायकलचा झाला. अजून चढूनच राह्यला!" मला वाटायचं, फेकतोय.

परवा नागपूरच्या बसनं खरंच असल्या कार्डांचा एक शौकीन उतरला आणि त्यानं मोटारसायकलच्याही वरचा भाव सांगितला. मी हातातली पिशवी खाली ठेवली. एवढ्याशा पुठ्ठ्याला?

संत्रेवाल्यानं कार्ड गल्ल्यातून काढलं आणि देण्याआधी, नेहमीच्या सवयीनं, दुपट्ट्यानं खसाखसा पुसलं.

"काका! हे काय केलं?" तो माणूस किंचाळलाच.

"चमकवून देऊन राह्यलो ना, भाऊ."

मग त्यानं खाली पाहिलं. खेळाडूचा अर्धा चेहरा दुपट्ट्यावर उतरला होता. तो माणूस आल्या पावली परत गेला.

आज मी संत्री घ्यायला गेलो. त्यानं एक संत्रं उचललं, दुसरा हात सवयीनं दुपट्ट्याकडे गेला आणि मध्येच थांबला. धुळीसकट ते संत्रं त्यानं माझ्या पिशवीत टाकलं.