देवमाणसाची स्मरणसभा

काकांच्या स्मरणसभेत तिसऱ्या वक्त्यानेही त्यांना देवमाणूस म्हटले, तेव्हा शेजारी बसलेल्या काकूने मनगटावरचा भाजल्याचा डाग पदराने झाकला. दारू पिऊन तो डाग काकांनीच दिला होता, हे आमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे.

मला या गुळचट बोलण्याची चीड येते. आमचे शास्त्र, बायबल, इतके भित्रे नाही. त्यात येशूचा शिष्य पेत्र प्रभूला ओळखत नसल्याची शपथ वाहतो. दावीद राजा आपल्या सैनिकाची, उरीयाची बायको घेतो आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवतो. पुढे खुद्द येशूची वंशावळ लिहितानाही तिला दाविदाची राणी म्हटलेले नाही, उरीयाची बायकोच म्हटले आहे. आमंत्रणांच्या याद्या मीही करते. नको ते नाव गाळणे किती सोपे असते, ते मला माहीत आहे. तिथे कोणी गाळले नाही. आम्ही मात्र तेच शास्त्र हातात धरून एका बाईचा सगळा संसार खोडून टाकतो.

चर्चच्या पाळकांनी विचारले, "काकू, दोन शब्द बोलता?"

मागून कोणीतरी पुटपुटले, "कशाला, रडतील त्या."

काकू उठली. रडली नाही.

"हे इथे फार गोड गायचे," ती म्हणाली. "घरी मला मारायचे. आता प्रार्थना करा, पाळकसाहेब."